सहा मिनिटं पुढे

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या मागच्या बोळात, जिथे चाकं निखळलेल्या खुर्च्या आणि वाकलेले सलाइनचे स्टँड ठेवलेले असत, तिथे एका दारावर ‘आत येऊ नये’ अशी पाटी होती. दारामागे हॉस्पिटलचे सगळे सर्व्हर, आणि सर्व्हरांच्या सोबतीला ताई. थंडगार खोली, पंख्यांची अखंड घरघर, आणि बारा महिने स्वेटर घालून बसलेली, पन्नाशीकडे झुकलेली बाई. वरच्या मजल्यांवर तिला घड्याळबाई म्हणत, कारण भिंतीवरचं एखादं घड्याळ मिनिटभर जरी चुकलं तरी ही जिन्यात थांबून, मनगटाकडे बघून, हे कुणी लावलंय असं विचारल्याशिवाय पुढे जात नसे. घरात मात्र ती ताई. धाकट्या बहिणीची ताई, आणि हळूहळू आईचीसुद्धा ताईच, कारण म्हातारपणी आई तिला मुलगी म्हणून हाक मारी आणि थोरली बहीण असल्यासारखी घाबरे.

वेळेचं हे वेड जुनं. लहानपणी धाकटी, म्हणजे चिऊ, शाळेला रोज उशीर करायची. ताईनं गुपचूप स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं. चार दिवस चिऊ वेळेवर पोचली. मग तिला बिंग कळलं, आणि ती घड्याळाकडे बघून दहा वजा करून निवांत वेणी घालायला लागली. वडील हसून म्हणाले होते, घड्याळ पुढे केलं की माणूस लवकर उठत नाही गं, नुसती वजाबाकी शिकतो. घरात सगळे हसले, ताई सोडून. तिला त्या दिवसापासून पुढे धावणारं घड्याळ म्हणजे तोंडावर खोटं बोलणारं माणूस वाटायला लागलं.

चिऊ नर्स झाली ती याच हॉस्पिटलात, दुसऱ्या मजल्यावर. ताईनं शब्द टाकला होता तिच्यासाठी, आणि तो टाकल्याची ताई अधूनमधून तिला आठवणही करून द्यायची. आई चिऊकडे राहायची. ताईचं घर दोन खोल्यांचं आणि एकटीचं. पण आईची औषधं, आईचा डॉक्टर, आईनं किती वाजता जेवायचं, हे सगळं ठरे ताईकडे. चिऊ ऐकून घ्यायची. तिच्या अंगात ऐकून घेण्याची कलाच होती. पेशंटही तिला म्हणून तर सोडत नसत.

अठरा नंबरच्या खाटेवर एक म्हातारा शिंपी होता. हृदय थकलेलं, जीभ मात्र तरतरीत. चिऊ जवळून गेली की तो तिच्या युनिफॉर्मच्या दुमडीकडे बोट दाखवायचा. ही शिलाई कुणी घातली, माझ्या दुकानात असता तर कान उपटला असता, सुई आण, आत्ता करून देतो. एकदा चिऊनं खरंच सुईदोरा आणून दिला, आणि त्यानं थरथरत्या हातानं, जीभ दातात धरून, तिच्या ओढणीची उसवलेली कड शिवून दिली. त्याची मुलगी कामावरून सुटली की रोज यायची, त्याचे पाय चेपत बसायची.

एका दुपारी, मुलगी यायच्या आधी, शिंपी गेला.

त्याच्या छातीला लावलेल्या मशीननं अलार्म दिला होता. वॉर्डातला प्रत्येक अलार्म खालच्या सर्व्हरवर वेळेसकट नोंदला जाई. नर्स खाटेपाशी पोचली की तिथल्या डबीला आपलं कार्ड लावायचं, मग अलार्म बंद होई. त्या डबीची नोंद वेगळ्या मशीनवर. अलार्म सव्वाचारचा होता. चिऊचं कार्ड चार एकोणीसला लागलं होतं. नियम दोन मिनिटांचा.

चौकशी बसली, हॉस्पिटलच्या साहेबांसमोर. चिऊनं सांगितलं, जोडीची नर्स पेशंट घेऊन एक्स-रेला गेली होती, मी चादरींच्या खोलीत होते, अलार्म ऐकला तशी धावले. डॉक्टर म्हणाले, दोन मिनिटांत पोचली असती तरी काही सांगता आलं नसतं. हो म्हणता येत नाही, नाही म्हणता येत नाही. शिंप्याची मुलगी कोपऱ्यात बसली होती, बापाच्या चष्म्याची डबी मांडीवर घेऊन. तुमचं काय म्हणणं आहे असं विचारल्यावर ती उठून उभी राहिली, वर्गात राहतात तशी.

"मला भरपाई नको," ती म्हणाली. "कुणाला शिक्षाही नको. माझे बाबा किती वेळ एकटे होते, एवढं खरं सांगा. मग मी जाते."

चार मिनिटं, असं कुणीतरी म्हणणार, तेवढ्यात ताई उभी राहिली. सर्व्हर तिचे म्हणून तिलाही बोलावलं होतं. ती म्हणाली, अलार्मची वेळ एका मशीननं सांगितलेली, कार्डाची दुसऱ्या. दोन माणसांची घड्याळं जुळलेली नसली तर ती कधी भेटली हेही ठरत नाही. आधी मशीनची घड्याळं जुळतात का बघू, मग आकडा उच्चारू. सगळ्यांना ते पटलं. तिला शुक्रवारपर्यंत वेळ मिळाला.

ताईच्या मनातलं गणित सरळ होतं. अलार्मचं मशीन जुनं, मागे पडलेलं असणार. म्हणजे त्यानं सव्वाचार म्हटलं तेव्हा खरे चार सतरा, अठरा वाजले असणार. म्हणजे चिऊ खरंच लगेच पोचली. ती खुशीतच बाहेर पडली. व्हरांड्यात चिऊनं तिच्या स्वेटरची बाही धरली.

"ताई, नको तपासूस."

"अगं, तुझ्यासाठीच तर करतेय."

"चारच आहेत ना. चारला लेखी ताकीद देतात. मी घेईन ताकीद. राहू दे ते घड्याळ."

ताईनं बाही सोडवून घेतली. ही पहिल्यापासून अशीच, तिला वाटलं, समोरचा म्हणेल ते खाली मान घालून घेणारी. झाकली मूठ ठेवून जगायचं असेल तर तू ठेव, ती म्हणाली, मला नाही जमत.

एक गोष्ट मात्र तिनं कुणाला सांगितली नव्हती, चिऊशीही बोलली नव्हती. त्या दुपारी चारच्या चहानंतर तिनंच चिऊला फोन केला होता. सकाळी आईला भेटायला गेली तर गॅस तसाच चालू आणि आई खिडकीशी बसलेली. दिवसभर तो राग पोटात घोळत राहिला आणि चहाबरोबर वर आला. चिऊ म्हणाली होती, मी वॉर्डात आहे. ताई म्हणाली, मग बाहेर ये. चिऊ बाहेर आली, आणि ताईनं मग काही ठेवलं नाही. तुझ्या लक्षात काय राहतं. तुझ्या भरवशावर माणूस सोडायचं म्हणजे देवाच्या भरवशावर सोडायचं. आईला मी रविवारी माझ्याकडे नेणार, झालं माझं ठरवून. नाहीतर नोकरी सोड आणि बस तिच्याजवळ.

चिऊनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू कुणाला विचारतेस का गं कधी? स्वतःच विचारतेस, स्वतःच हो म्हणतेस." तिचा आवाज फाटल्यासारखा आला होता. ताईनं फोन ठेवला.

शिंपी गेल्याचं कळलं त्याच संध्याकाळी ताईनं जिन्यात उभं राहून आपला मोबाइल काढला होता. चोराच्या मनात चांदणं. फोन ठेवला होता चार तेराला. अलार्म सव्वाचारचा. फोन आधी, अलार्म नंतर. तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला आणि कठड्याला धरून हळूहळू जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामाला लागली. अलार्मचा सर्व्हर युनिक्सवर चालणारा, जुना, बैलासारखा राबणारा. वर्षभरात त्यानं कधी कुरकूर केली नव्हती. आता, कुठल्याही मशीनच्या पोटातलं घड्याळ एकटं सोडलं तर रोज सेकंदभर इकडे नाहीतर तिकडे सरकतंच. म्हणून त्याला सवय लावलेली असते. थोड्या थोड्या वेळानं नेटवर्कवरच्या एखाद्या खात्रीच्या घड्याळाला विचारायचं, बाबा रे, किती वाजले? आणि उत्तर येईल तसं स्वतःला सावरून घ्यायचं. ताईनं सर्व्हरला पहिला प्रश्न हाच टाकला, की तू वेळ कुणाला विचारतोस.

स्क्रीनवर दोन ओळी आल्या. वरच्या ओळीत हॉस्पिटलचं मुख्य घड्याळ. त्याच्याकडून शेवटची किती उत्तरं आली, या रकान्यात शून्य. खालच्या ओळीच्या सुरुवातीला चांदणीची खूण. ती खूण म्हणजे मशीनचं म्हणणं, की सध्या माझा विश्वास याच्यावर आहे. त्या ओळीत ज्या घड्याळाचा पत्ता होता ते मशीनचं स्वतःचंच. त्याच्यापुढे अंतराचा आकडा: शून्य. स्वतःपासून स्वतःचं अंतर दुसरं किती असणार.

ताईनं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"स्वतःलाच विचारतंय," ती त्या रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाली, "आणि स्वतःच हो म्हणतंय."

हे वाक्य तिनं कुठे ऐकलं होतं ते तिला आठवलं.

मग तिनं ती सेटिंगची फाइल उघडली. ती ओळ तिथे होतीच. मुख्य घड्याळ उत्तर देईनासं झालं तर स्वतःच्या घड्याळावर विश्वास ठेव आणि सगळं ठीक आहे असं कळव. ओळीच्या शेजारी शेरा होता: तात्पुरतं. शेरा ताईचाच. काही वर्षांपूर्वी मुख्य घड्याळ दुरुस्तीला गेलं होतं, तेव्हा या मशीनचे इशारे तिच्या मोबाइलवर सारखे वाजायचे, जेवताना, आंघोळीला जाताना. वैतागून तिनं ही ओळ घातली आणि इशारे बंद झाले. पुढे मुख्य घड्याळ परत आलं, ओळ तशीच राहिली. ऑफिसात तात्पुरत्या गोष्टीला मरण नसतं. गेल्या वर्षी हॉस्पिटलनं नेटवर्कच्या दाराशी नवा फायरवॉल बसवला, त्यानं मुख्य घड्याळाकडून या मशीनला येणारी उत्तरं बाहेरच अडवली. प्रश्न जात होते, उत्तरं येत नव्हती. तरीही दिवा हिरवा, कारण ताईनं त्याला हिरवा राहायला शिकवलं होतं. कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

पण खरं सांगायचं तर त्या क्षणी ताईला वाईट वाटलं नाही. उलट तिचे हात शिवशिवायला लागले. बिघाड सापडला होता. वर्षभर एकटं चाललेलं घड्याळ चुकलेलं असणारच, आणि चुकलेलं असलं की चिऊ सुटली. आपल्या ओळीबद्दल साहेब चार शब्द बोलतील, बोलू देत. आता फक्त किती चुकलंय ते बघायचं. तिनं वाट न अडलेल्या दुसऱ्या मशीनवरून बाहेरच्या खात्रीच्या घड्याळाला वेळ विचारली. नुसती विचारली, लावली नाही, कारण पुराव्याला हात लावायचा नसतो. उत्तर आलं.

मशीन मागे नव्हतं. सहा मिनिटं पुढे होतं.

ताईनं पुन्हा विचारलं. मग दुसऱ्या घड्याळाला विचारलं, मग तिसऱ्याला. मग कार्डाच्या डबीचं घड्याळ तपासलं, तेही चुकलेलं असू दे असं मनात म्हणत. ते सेकंदाला बरोबर होतं. शेवटी तिनं लहान मुलासारखं बोटांवर मोजलं. मशीननं सव्वाचार म्हटलं तेव्हा खरे वाजले होते चार नऊ. कार्ड लागलं चार एकोणीसला. चारची दहा झाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आणि मग, दहाचा आकडा नीट बसायच्या आत, दुसरी गोष्ट आली. तिला मोबाइल काढायची गरज नव्हती. फोन ठेवला चार तेराला. अलार्म वाजायला लागला चार नऊला. म्हणजे ती बोलत असताना. तुझ्या भरवशावर माणूस सोडायचं म्हणजे, हे ती म्हणत असताना, भिंतीपलीकडे.

पंखे घरघरत होते. ताईनं स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढून घेतल्या.

दुपारी साहेब डोकावले. साहेब वाईट माणूस नव्हते, त्यांना फक्त प्रकरणं बंद झालेली आवडत. काय निघालं, त्यांनी दारातूनच विचारलं. ताईच्या स्क्रीनवर त्या दोन ओळी होत्या. साहेबांनी चष्म्यावरून चांदणी पाहिली, शून्य पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. अंतर शून्य, म्हणजे घड्याळ बरोबर. एवढ्याची प्रिंट काढून दे, बास. चार मिनिटं तर चार मिनिटं, तुझ्या बहिणीला ताकीद मिळेल, नोकरी वाचेल, त्या बाईलाही आकडा मिळेल. ताई काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात साहेब गेलेही.

तिनं प्रिंट काढली. कागद गरम होता. त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं.

चौकशी संपेपर्यंत चिऊला पेशंटांपासून दूर, चादरींच्या खोलीतच बसवलं होतं. ताई वर गेली तेव्हा ती धुवून आलेल्या चादरींच्या ढिगासमोर उभी राहून घड्या घालत होती. कोपऱ्यात लहानसं बेसिन, वर आरसा. ताईनं आत येऊन दार लावलं, आणि वॉर्डाचा आवाज एकदम तुटला. ट्रॉल्या, खोकले, कुणाच्या मशीनची टिकटिक, सगळं. तिनं दार पुन्हा उघडून बघितलं, पुन्हा लावलं. चिऊ तिच्याकडे बघत होती.

"किती?" चिऊनं विचारलं.

"दहा."

चिऊनं चादरीच्या कडेला कड जुळवली. "मला आठ वाटली होती."

"तुला माहीत होतं?"

"बाहेर आले तेव्हा अलार्म सलग वाजत होता. पहिली पाच मिनिटं तो थांबून थांबून वाजतो, ताई. मग सलग. तुझ्या मशीनला काय वाटतं मला ठाऊक नाही, वॉर्डात हे सगळ्यांना ठाऊक असतं. चार मिनिटांत तो सूर लागत नाही."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मशीन चार म्हणतंय म्हटल्यावर माझ्यासारखी भित्री बाई दहा कशाला म्हणेल?" चिऊ हसल्यासारखं करून थांबली. "फोन झाल्यावर लगेच निघायला हवं होतं. पण मी इथे तोंड धूत होते. ते धुतलं की परत भरून यायचं. तसलं तोंड घेऊन पेशंटसमोर जायचं नसतं, हे पहिल्या वर्षाला शिकवतात."

ताईला बसावंसं वाटलं, पण खोलीत खुर्ची नव्हती. ती चादरींच्या ढिगाला टेकली.

"फोन मी केला होता, हे का नाही सांगितलंस त्यांना?"

"उचलला मी."

एवढंच म्हणून चिऊनं पुढची चादर घेतली. चादर मोठी होती, एकटीला आवरेना. ताईनं नकळत दुसरं टोक धरलं. लहानपणी गच्चीवर धरायच्या तशा दोघी टोकं धरून उभ्या राहिल्या, एकमेकींकडे चालत आल्या, मागे गेल्या. तेव्हा ताईनं प्रिंटचं सांगितलं. साहेब म्हणतात हाच कागद द्या. यात शून्य आहे. हा दिला तर चारची चारच राहतील.

चिऊचा चेहरा वर आला. क्षणभर त्या चेहऱ्यावर जे आलं ते ताईला पुढे कधीच विसरता आलं नाही. आशा होती ती. उशीर होऊनही शाळेचं दार उघडं दिसलेल्या पोरीची असते तशी.

मग ती आपोआप विझली.

"काल ती जिन्यात भेटली," चिऊ म्हणाली. "त्यांची मुलगी. मला म्हणाली, सिस्टर, चारच मिनिटं ना, मग बाबांना फार काही कळलं नसेल. मी हो म्हटलं. माझा हात हातात घेतला तिनं." तिनं घडी खाली ठेवली. "परत एकदा हो म्हणायला जमेल असं वाटत नाही मला. आणि आपणहून नाही म्हणायची छाती नाही. तू ठरव ताई. नेहमी तूच ठरवतेस."

ताईच्या तोंडाशी उत्तर तयार होतं. तिच्याकडे ते नेहमीच तयार असे. तिनं ते गिळलं.

"या वेळी तू सांग," ती म्हणाली.

"मला विचारतेयस?"

"विचारतेय."

चिऊनं डोळे मिटले. मग नाक वर ओढत, धाकट्या बहिणी रडू आवरून बोलतात त्या आवाजात म्हणाली, "मग खरं आहे ते दे."

शुक्रवारी ताईनं दिलं. मशीन सहा मिनिटं पुढे होतं, ते एका तात्पुरत्या ओळीमुळे कुणाच्या ध्यानात आलं नाही, ती ओळ माझी. अलार्म वाजला तेव्हा नर्स फोनवर होती, तो फोन माझा. साहेबांनी कपाळाला हात लावला. शिंप्याच्या मुलीनं दहा हा आकडा ऐकला आणि चष्म्याची डबी उघडली, मिटली. मग तिनं ताईला विचारलं, अगदी साधेपणानं, रस्ता विचारावा तसं, "काय बोलत होतात तुम्ही फोनवर?"

खोटं सांगण्यासारखं काही सुचतही नव्हतं. "आमच्या आईला एकटी ठेवली म्हणून," ताई म्हणाली, "मी हिला रागावत होते."

मुलीनं दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. म्हटल्याप्रमाणे ती गेली, पण दारापर्यंत गेल्यावर तिला दार कुठल्या बाजूला उघडतं ते कळेना. चिऊ पुढे झाली आणि तिनं दार ओढून धरलं. या वेळी मुलीनं तिचा हात हातात घेतला नाही.

चिऊची नोकरी गेली. परवाना रोखला गेला, कधीपर्यंत ते कुणी सांगेना. लेखी ताकीद मिळाली ती ताईला.

सर्व्हरची दुरुस्ती सकाळभरात झाली. ती ओळ काढली, फायरवॉलमधून वाट करून दिली, एकाऐवजी तीन घड्याळं विचारायला लावून दिली, म्हणजे एक चुकलं तरी दोघं मिळून त्याला खोटं पाडतील. पण पुढे गेलेलं घड्याळ ताईनं एकदम मागे ओढलं नाही. ओढलं असतं तर नोंदींत तीच सहा मिनिटं दोनदा आली असती, आणि कागदावर एखादा माणूस आजारी पडायच्या आधीच बरा झाला असता. अशा वेळी घड्याळाला सावकाश चालवायचं असतं. ते पाय ओढत राहतं, आणि खरी वेळ मागून येऊन त्याला गाठते. आठवड्याहून जास्त लागला. ताई रोज येऊन अंतर बघायची. पाच मिनिटं, चार, सव्वातीन. ज्या सकाळी ते शून्य झालं, खरंखुरं शून्य, तेव्हा ताईचा हात सवयीनं मोबाइलकडे गेला, चिऊला सांगायला. पर्सची चेन अर्धी उघडली आणि मग तिनं ती लावून टाकली.

आता चिऊ दिवसभर आईजवळ असते. गॅस वेळेवर बंद होतो, औषध वेळेवर जातं. नोकरी सोड आणि बस तिच्याजवळ, असं ताई त्या दुपारी फोनवर म्हणाली होती, ते तिला मिळालं आहे. रविवारी ती जाते. चिऊ दार उघडते, आई आत आहे म्हणते, चहा करते. भांडण नाही, अबोलाही नाही. चिऊ ऐकून घेते, तेवढंच, आणि ताईकडे आता सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. स्वयंपाकघरातलं घड्याळ आठ-दहा मिनिटं पुढे आहे. ताई त्याला हात लावत नाही.

आईला फोन करायचा असला तर ताई एकच रिंग देते आणि कट करते. पलीकडे कुणी हातातलं टाकून धावत यायला नको. सवड झाली की तिकडून फोन येतो. बहुतेक वेळा आईचाच असतो. परवा मात्र चिऊचा आला.

"आई झोपलीय. उठली की सांगते."

घाई नाही, ताई म्हणाली. दोघीही फोन धरून राहिल्या. बाहेर बोळातून कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं. ते लांब जाईपर्यंत ताई थांबली.

"तू काय करत होतीस?" तिनं विचारलं. इतक्या वर्षांत फोनवर हे तिनं आधी कधी विचारलं नव्हतं.



"काही नाही," चिऊ म्हणाली. "आता काय असणार." आणि हळूच फोन ठेवला.